पेटंट औषधे विकून राजकारणात शिरलेल्या माणसाचे चरित्र कसे लिहावे

बडोद्यात दांडिया बाजार आणि राजमहाल रोडच्या आसपास राहणारी आम्ही काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतो आणि आळीपाळीने एकेक चरित्रलेख वाचतो. लेख साधारण ४० मिनिटांत वाचून व्हावा, आणि त्यातले कोणतेही विधान कशाच्या आधाराने केले हे विचारल्यावर सांगता यावे, एवढे दोनच नियम आम्ही पाळतो. गेली काही वर्षे मी या बैठकीसाठी एकाच जातीच्या माणसांच्या मागे लागलो आहे. ज्यांनी बाटलीबंद औषधांवर नाव कमावले आणि त्याच नावावर लोकांकडे मतेही मागितली, अशी ही माणसे. त्यांच्यावर लिहू पाहणाऱ्या दोघातिघांनी माझ्या कामाची रीत विचारली, म्हणून ती येथे सविस्तर मांडतो.

आरंभी ‘पेटंट औषध’ हा शब्दच नीट समजून घ्यावा, कारण पहिली चूक तिथेच होते. या औषधांपैकी बहुतेकांना पेटंट असे कधी नव्हतेच. पेटंट घ्यायचे तर घटक आणि कृती उघड करावी लागते, आणि या धंद्याचे सारे बळ तर कृती झाकून ठेवण्यात होते. इंग्लंडच्या राजाकडून काही औषधवाल्यांना सनदा मिळत, त्यावरून हे नाव पडले आणि पुढे सरसकट सगळ्यांनाच चिकटले. मालकाची खरी मालमत्ता म्हणजे औषधाचे नाव, लेबलावरचे चित्र, बाटलीचा आकार आणि सही. म्हणून ‘त्याने अमुक औषधाचे पेटंट घेतले’ असे वाक्य हातून उतरू लागले की लेखणी थांबवावी आणि त्याने नेमके काय नोंदवले होते ते तपासावे.

त्यानंतर माणूस निवडावा, आणि एकच निवडावा. माझ्या वहीत आज पाच नावे आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचा रे व्हॉन पिअर्स, लुइझियानाचा डडली लेब्लां, कॅन्ससचा जॉन ब्रिंक्ले, अटलांटाचा कोका-कोलावाला एसा कँडलर, आणि आपल्याकडचे अमृतांजनवाले काशीनाथुनि नागेश्वरराव पंतुलु. या सगळ्यांना एका लेखात कोंबण्याचा मोह मला झाला होता, पण तसे केले की प्रत्येकाला चार वाक्ये मिळतात आणि माणूस एकही उभा राहत नाही. एकाचे चरित्र लिहावे आणि बाकीच्यांचा उपयोग फक्त ताडून पाहण्यासाठी करावा.

निवड झाली की कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे औषधांच्या धंद्यातली साले आणि उजवीकडे राजकारणातली साले लिहीत जावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण सगळ्या लेखाचा कणा यातूनच मिळतो, कारण ‘औषधे विकली आणि मग राजकारणात गेला’ हा क्रम आपण गृहीत धरलेला असतो आणि कागद तो पुष्कळदा खोटा पाडतो. पिअर्सच्या बाबतीत तो बरोबर निघतो. त्याने १८६२ साली सिनसिनाटीच्या महाविद्यालयातून वैद्यकीची पदवी घेतली, १८६७च्या सुमारास बफेलोत येऊन औषधांचा धंदा मांडला, १८७८ मध्ये तो न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर गेला आणि १८७९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात. लेब्लांच्या बाबतीत मात्र रेघेच्या उजव्या बाजूला आधी शाई लागते. तो १९२०च्या दशकातच लुइझियानाच्या विधिमंडळात होता, १९३२ मध्ये गव्हर्नरपदासाठी लढून हरला होता, आणि ज्या औषधाने तो देशभर गाजला ते ‘हॅडॅकॉल’ १९४०च्या दशकात आले. राजकारणी माणूस औषधवाला झाला, असे त्याच्याबद्दल म्हणणे अधिक खरे आहे. ब्रिंक्लेच्या कागदावर तर दोन्ही रकाने एकाच वर्षात एकमेकांना भिडतात. रेडिओवरून श्रोत्यांची पत्रे वाचून औषधे सुचवणाऱ्या या गृहस्थाचा वैद्यकीचा परवाना १९३० मध्ये रद्द झाला आणि काही दिवसांतच तो कॅन्ससच्या गव्हर्नरपदाचा उमेदवार म्हणून उभा राहिला. तीन माणसे, तीन निरनिराळी कारणे. धंद्यातून मिळालेली प्रतिष्ठा, हाती असलेला लोकसंग्रह, आणि धंद्यावर आलेले संकट, यांपैकी आपल्या माणसाला कोणत्या गोष्टीने ढकलले हे या दोन रकान्यांवरून बहुतेक वेळा कळते.

यापुढचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माणूस बाजूला ठेवून त्याची बाटली हाती घ्यावी. बाटली न मिळाल्यास तिचे छायाचित्र घ्यावे, परंतु कोणती तरी जुनी औषधाची बाटली एकदा प्रत्यक्ष हाताळावी असा माझा आग्रह आहे. माझ्या आजीच्या कपाटात दोन होत्या आणि त्या अजून माझ्याकडे आहेत. एक दवाखान्यातल्या मिक्श्चरची आहे. तिच्या अंगाला कागदाची एक अरुंद पट्टी उभी चिकटवलेली असून तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडल्या आहेत. एक खाच म्हणजे एक डोस. डॉक्टरांनी आजीची नाडी पाहिली, कंपाउंडरने औषध ढवळले आणि तिच्यापुरती पट्टी कातरली, हे सगळे त्या कागदात दिसते. दुसरी बाटली पेटंट औषधाची आहे. काच फिक्कट हिरवी, आत दोन बारीक बुडबुडे, आणि नाव कागदावर नसून काचेतच उठवलेले, म्हणजे लेबल धुऊन गेले तरी नाव जात नाही. तिच्यावर डोसाची खूण कुठेच नाही. ही बाटली घेणाऱ्याला कोणी तपासलेले नसते. तो दुकानात जातो, नाव सांगतो आणि घेऊन येतो. पेटंट औषधवाल्याचे सामर्थ्य आणि त्याचा दोष या दोन्ही गोष्टी या एका फरकात आहेत, आणि लेखात हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आणता आले पाहिजे. काचेवरची जोडरेषा, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उभी रेघ, हीसुद्धा पाहावी. ती तोंडाच्या खालीच संपत असेल तर गळ्याचा कडा हाताने घडवलेला असतो. तोंडापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे सामान्यपणे विसाव्या शतकातली समजावी.

बाटलीत काय होते हा पुढचा प्रश्न, आणि येथे माझ्याकडून झालेली चूक सांगणे भाग आहे. पिअर्सवरचा माझा पहिला लेख वाचताना मी मोठ्या विश्वासाने सांगितले की त्याच्या स्त्रियांसाठीच्या औषधात मद्यार्क आणि अफू होती. बैठकीत रसायनाच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक वृद्ध काका बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “कोणत्या वर्षाच्या बाटलीत?” मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन शोधले तेव्हा कळले की १९०४ मध्ये एका नामांकित अमेरिकन महिला मासिकाने हाच आरोप जुन्या पृथक्करणावर विसंबून छापला होता, पिअर्सने खटला भरला, त्या काळातल्या बाटल्या तपासल्या तेव्हा ते पदार्थ त्यांत सापडले नाहीत, आणि मासिकाला चूक कबूल करून नुकसानभरपाई द्यावी लागली. १०० वर्षांपूर्वी मागे घेतलेला आरोप मी बडोद्यात बसून पुन्हा करत होतो. त्या संध्याकाळपासून बाटलीतल्या प्रत्येक घटकापुढे मी साल लिहितो, आणि साल मिळाले नाही तर तो घटक लेखात घेत नाही.

सालांच्या कामात कायदे फार उपयोगी पडतात. अमेरिकेचा शुद्ध अन्न आणि औषधांचा कायदा ३० जून १९०६ रोजी झाला आणि १ जानेवारी १९०७ पासून अमलात आला. मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन यांसारखे पदार्थ असतील तर त्यांचे प्रमाण लेबलावर लिहिणे त्याने सक्तीचे केले. त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण छापलेले अमेरिकन लेबल दिसले की ते बहुधा १९०७ किंवा त्यानंतरचे धरता येते. रोग बरा करण्याच्या खोट्या दाव्यांना मात्र या कायद्याने आळा बसला नाही. १९१२ च्या दुरुस्तीने त्यांना हात घातला, पण तिथेही फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. १९३७ मध्ये सल्फानिलामाइड या औषधाच्या एका विषारी द्रावणाने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर १९३८चा कडक कायदा आला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४०चा, आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४चा आहे. ही साले बडोद्याच्या श्रोत्यांच्या लक्षात राहावीत म्हणून मी गावातली साले त्यांच्याशेजारी ठेवतो. १९०६ मध्ये सयाजीराव महाराज अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते, आणि १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेम्बिकचा कारखाना येथे उभा राहिला. अशी जोड दिली की दूरची गोष्ट ऐकणाऱ्याच्या अंगणात येऊन बसते.

आता बाटली घेणाऱ्या माणसाकडे वळावे. येथे घाई करू नये, कारण चरित्रकाराची माणुसकी येथेच दिसते. अशा औषधांवर विश्वास ठेवणारे लोक अडाणी होते, असे लिहून मोकळे होणे फार सोपे आहे. पिअर्सच्या काळात मान्यताप्राप्त डॉक्टर पाऱ्याची औषधे देत, काही जण अजून रक्तही काढत, आणि शेतावर राहणाऱ्या कुटुंबाला डॉक्टर गाठण्यासाठी मैलोगणती जावे लागे. अनेक स्त्रियांना आपले दुखणे परपुरुषाला सांगण्याचा संकोच वाटे. पिअर्सने जाहिरातीतून त्यांना सांगितले की पत्र लिहा, ते गुप्त राहील आणि सल्ल्याचे पैसे पडणार नाहीत. हे आमिष होते, आणि ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे ऐकून घेणेही होते. या दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात शेजारीशेजारी लिहाव्यात. आपल्या पणज्या-आज्यांनी जुन्या मासिकांतल्या शक्तिवर्धक गोळ्यांच्या आणि रक्तशुद्धीच्या अर्कांच्या जाहिराती वाचून व्ही.पी.ने, म्हणजे पार्सल हाती आल्यावर पोस्टमनला पैसे देऊन, बाटल्या मागवल्या त्या याच संकोचापोटी, हे ज्याला आठवते त्याला बफेलोला पत्र लिहिणारी शेतकरीण परकी वाटणार नाही.

लेब्लांच्या हॅडॅकॉलबद्दल तर आणखी सावधपणे लिहावे लागते. त्यात सुमारे १२ टक्के मद्यार्क होता, आणि दारूबंदी असलेल्या भागांतही ते दुकानात मिळे. हा भाग सगळेच रंगवून सांगतात. पण त्यात ब गटातली जीवनसत्त्वे, नायसिनसह, होती. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा आजार १९३० च्या दशकापर्यंत मोठ्या प्रमाणावर होता. निकृष्ट आहार घेणाऱ्या एखाद्याला हे टॉनिक घेऊन बरे वाटले असेल, तर ते सगळे मद्यार्कामुळेच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. तीच जीवनसत्त्वे कितीतरी स्वस्तात मिळू शकत होती, आणि जाहिरातीत ज्या ज्या व्याधींची नावे येत त्यांच्याशी जीवनसत्त्वांचा काही संबंध नव्हता, हा त्याच्यावरचा खरा आक्षेप आहे. तो नेमकेपणाने मांडावा. मोघम शिवी दिल्याने आक्षेप दुबळा होतो.

जाहिराती गोळा करताना मजकुराबरोबर जागाही टिपावी. पिअर्सच्या ‘गोल्डन मेडिकल डिस्कव्हरी’ या औषधाची नावे शेतांवरच्या लाकडी कोठारांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली असत, आणि त्याचा घरगुती वैद्यकाचा जाडजूड ग्रंथ असंख्य घरांत ठेवलेला असे. ज्याचे नाव रस्त्याने येता-जाता वाचले आहे आणि ज्याचे पुस्तक आजाऱ्याच्या उशाशी आहे, तो उमेदवार म्हणून आला तर त्याला ओळख करून द्यावी लागत नाही. लेब्लांने १९५० मध्ये हॅडॅकॉलचा फिरता काफिला काढला. त्यात नामांकित गायक आणि चित्रपटांतले नट असत, आणि तिकिटाऐवजी औषधाच्या खोक्याची झाकणे द्यावी लागत. मोठ्या माणसाला दोन, मुलाला एक. खेड्यात गाडी जायची कशी, गर्दी जमवायची कशी, तिला हसवून बसवून ठेवायची कशी आणि शेवटी आपले नाव तिच्या तोंडी कसे घालायचे, हे सगळे हा माणूस २५ वर्षांच्या निवडणुकांत शिकला होता. हॅडॅकॉल हे नावही त्याच्या ‘हॅपी डे कंपनी’ची आद्याक्षरे आणि स्वतःच्या आडनावाचे पहिले अक्षर जोडून बनले होते. बाटलीवर तो स्वतः होता असे म्हटले तरी चालेल. नागेश्वररावांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले तेव्हा गाण्याच्या मैफलींतून ते फुकट वाटले असे सांगतात, आणि ही युक्तीसुद्धा माणसे जमतात तिथे आपण जावे याच जाणिवेतली आहे.

धंदा आणि राजकारण यांचा सांधा दाखवताना ‘यामुळेच तो निवडून आला’ असे विधान करू नये. पुरावा शेजारी ठेवावा आणि वाचकाला पाहू द्यावे. माझी पद्धत अशी की औषध जिथे जास्त खपत होते त्या गावांची नावे आणि उमेदवाराच्या सभांच्या गावांची नावे एकाच नकाशावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी मांडतो. जिथे रंग एकावर एक येतात तिथली स्थानिक वृत्तपत्रे आधी वाचावीत. पैशाची वाटही शोधावी. नागेश्वररावांच्या बाबतीत ती स्वच्छ दिसते. बामच्या उत्पन्नातून १९०८ मध्ये मुंबईत ‘आंध्रपत्रिका’ हे साप्ताहिक निघाले, १९१४ मध्ये ते मद्रासेत दैनिक झाले, आणि पुढे नागेश्वरराव आंध्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले. किनारी आंध्र आणि रायलसीमा यांच्या नेत्यांमधला १९३७चा करार त्यांच्याच ‘श्रीबाग’ या निवासस्थानी झाला आणि त्याच घराच्या नावाने ओळखला जातो. एका डबीतल्या बामाने एका भाषिक चळवळीला वृत्तपत्र मिळवून दिले, हे मला या सगळ्या अभ्यासात सापडलेले सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते. पेटंट औषधवाल्यांची सगळी चरित्रे फसवणुकीची असतात, हा समज ते मोडून काढते. लेब्लांने म्हाताऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी आणि फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांच्या अभिमानासाठी केलेले कामही असेच स्वतंत्रपणे तोलावे. हॅडॅकॉलचे माप त्याला लावू नये, आणि हॅडॅकॉलला या कामाचे पांघरूणही घालू नये.

साधनांविषयी थोडक्यात. माणूस अमेरिकन काँग्रेसमध्ये असेल तर तिच्या अधिकृत चरित्रकोशातून तारखा घ्याव्यात. तेथील जुनी वृत्तपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसने संगणकावर मोफत उपलब्ध केली आहेत. मालकाने स्वतः छापलेले आत्मवृत्त, पंचांगे आणि पुस्तिका अवश्य वाचाव्यात, पण त्यांना जाहिरात समजूनच वाचावे. आभारपत्रे तर दुसऱ्या कोणी दुजोरा दिल्याशिवाय वापरूच नयेत. आपल्याकडच्या माणसांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना सयाजीरावांनी १९१० मध्ये बोलावून बडोद्याची ग्रंथालय व्यवस्था उभी केली होती. जुन्या मराठी नियतकालिकांचे बांधीव खंड मिळतील तेथे शेवटची पाने आधी उघडावीत, कारण औषधांच्या जाहिराती तिथेच असतात आणि खंड बांधताना पुष्कळदा तीच पाने फाडलेली असतात. रकमांचे आजच्या रुपयांत रूपांतर करू नये. त्याऐवजी त्या काळच्या मजुरीशी तुलना करावी.

लिहायला बसल्यावर आरंभ जन्मापासून करू नये. बाटलीपासून करावा किंवा सभेपासून करावा. पहिल्या पानावर ‘भोंदू’ किंवा ‘महात्मा’ यांपैकी कोणताही शब्द वापरू नये, कारण एकदा तो शब्द पडला की पुढचे सगळे पुरावे त्याच्याच बाजूने उभे राहतात. शेवट करताना पडझडीवर थांबण्याचा मोह टाळावा. लेब्लांने ऑगस्ट १९५१ मध्ये हॅडॅकॉल विकले, घेणाऱ्यांना मागाहून कर्जाचा डोंगर दिसला, त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि पुढच्या वर्षी तो गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. इथे पडदा पाडला तर गोष्ट छान बसते, पण माणूस १९७१ पर्यंत जगला आणि मधल्या काळात त्याच्या भागातल्या लोकांनी त्याला पुन्हा राज्याच्या सिनेटवर पाठवले. ती २० वर्षे लेखात आली पाहिजेत, भले एकाच परिच्छेदात. पिअर्सने तर प्रकृतीचे कारण देऊन सप्टेंबर १८८० मध्येच प्रतिनिधिगृहाचा राजीनामा दिला आणि त्यानंतरची ३३ वर्षे तो औषधेच विकत राहिला. ४ फेब्रुवारी १९१४ रोजी, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर स्वतः विकत घेतलेल्या बेटावर त्याचे निधन झाले. माझा दुसरा लेख मी त्या बेटापाशी संपवला आणि वही मिटण्याआधी काकांकडे पाहिले. त्यांनी हात पुढे करून आजीची हिरवी बाटली मागून घेतली, उजेडात धरली आणि काचेवरची जोडरेषा बोटाने वरपर्यंत तपासली.